पन्नाशी उलटल्यावर जर्मन शिकतेय, पण "कशाला?" ला उत्तर काय देऊ?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतीच वाचते, लिहायची पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ५७ वर्षांची, सांगलीची, दोन वर्षांपूर्वी बँकेतून रिटायर झाले. आयुष्यभर मराठी, कामापुरतं इंग्लिश आणि भाजीबाजारापुरतं कानडी एवढंच भांडवल. लेक-जावई श्टुटगार्टला असतात, नात साडेतीन वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात तिकडे जाऊन राहून आले, नव्वद दिवस (त्याच्यावर व्हिसा राहू देत नाही, नाहीतर लेकीने सोडलंच नसतं).

तर झालं असं की नात दोन वर्षांची असताना इकडे आली होती तेव्हा मराठी पोपटासारखी बोलायची. मग तिथल्या पाळणाघरात जायला लागली, किटा म्हणतात त्याला, आणि आता मराठी कळतं सगळं पण उत्तर जर्मनमधून. एकदा पाऊस पडून गेल्यावर आम्ही दोघी खाली बागेत होतो, लेक वर कॉलवर. ही भिंतीपाशी उकिडवी बसली आणि ओरडायला लागली, "आजी, श्नेकं! श्नेकं!" मला वाटलं स्नॅक म्हणतेय, भूक लागली असेल. पर्समध्ये चिवड्याची डबी होती ती उघडून पुढे केली. तिने ढकलली. परत श्नेकं. मी म्हणतेय अगं पिल्लू तिखट नाहीये, खाऊन तरी बघ, आणि ती पाय आपटतेय, शेवटी रडायलाच लागली. लेक धावत खाली आली तेव्हा कळलं की श्नेकं म्हणजे गोगलगाय. भिंतीवर होती, माझ्या नाकासमोर. पण मी चिवडा घेऊन इतका वेळ झटत बसले की तेवढ्यात ती गोगलगायसुद्धा पानाआड निघून गेली होती, आता बोला.

परत आल्यावर ऑनलाइन ए-वनची (म्हणजे अगदी पहिल्या पायरीची) बॅच लावली, आठवड्यातून तीन संध्याकाळी. पाच आठवडे झालेत. घरात आमच्या ह्यांचा एकच प्रश्न, कशाला? लेक मराठी, जावई मराठी, फोनमध्ये ट्रान्सलेट आहे, तुला आता कुठे नोकरी करायचीय. जाऊबाई म्हणाल्या, त्यापेक्षा नातीलाच मराठी शिकवा की. आणि क्लासमध्ये पहिल्याच दिवशी मॅडमनी सगळ्यांना विचारलं जर्मन का शिकताय. कोणी नर्स, कोणाला तिकडे मास्टर्स करायचंय, एका मुलीचं नुकतंच लग्न झालंय आणि नवऱ्याकडे जायला परीक्षा पास व्हायलाच लागते. माझी पाळी आली तेव्हा मी "हॉबी" म्हणून मोकळी झाले. मग रात्रभर ते टोचत राहिलं कारण मला हॉबी वगैरे काही नाहीये हो, मी साधं विणकाम पण करत नाही.

तर तुमच्यापैकी जे कोणी परकी भाषा शिकलेत त्यांनी सांगा, तुम्ही कशासाठी शिकलात? खरं कारण सांगा, फॉर्मवर लिहितो ते नको. आणि या वयात जमतं का हो?

पेठेतला_कावळा

काकू, रागावू नका पण काका बरोबर आहेत. आता कानात इयरबड घातला की समोरचा बोलतो ते लगेच तुमच्या भाषेत ऐकू येतं, असं सगळं निघालंय. हजारो रुपये आणि शंभर संध्याकाळी घालवून तुम्ही जे शिकाल ते फोन फुकटात करतो. मी आठवी ते दहावी जर्मन घेतलं होतं, कारण एकच, संस्कृतपेक्षा स्कोअरिंग आहे असं आमच्या सोसायटीतल्या सगळ्या आयांचं मत होतं. दहावीला ९४ पडले. आज "इश हाइसं" (माझं नाव अमुक) च्या पुढे गाडी जात नाही. त्यापेक्षा मुदतठेव करा त्या पैशाची, तुम्ही बँकवाल्या आहात, मी काय सांगणार.

बाकी चालू द्या.

डेर_डी_डास

कावळोबा, तुमच्या ९४ मार्कांचा आणि काकूंच्या प्रश्नाचा काही संबंध नाही, तुम्हाला कारण मार्क होतं, मार्क मिळाले, हिशोब संपला :)

मी पुण्यात चौदा वर्षं जर्मन शिकवतेय, आधी एका क्लासमध्ये आणि आता घरूनच ऑनलाइन. मी शिकत होते तेव्हा एफसी रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ॲडमिशन मिळणं हाच मोठा पराक्रम वाटायचा आणि बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षेला जाताना पोटात गोळा यायचा. तेव्हाच्या बॅचमध्ये निम्मे जण "सहज", "आवड म्हणून" असे असायचे, त्यात रिटायर झालेले दोन-तीन काका हमखास. आता सहज कोणी येत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल कामगार पाठवायचा करार केला (श्टुटगार्ट त्याच राज्याची राजधानी, आणि मुंबईचं ते १९६८ पासून भगिनी शहर आहे, हे आपलं अवांतर) त्यानंतर तर इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, नर्सेस, हॉटेलवाले, सगळे विचारायला लागले.

आणि कारणाबद्दल खरं सांगू का, ज्यांच्याकडे पक्कं कागदी कारण असतं ते सगळ्यात जोरात शिकतात आणि सगळ्यात आधी सोडतात. २००७ पासून नवरा किंवा बायकोकडे जायच्या व्हिसाला ए-वन लागतं. शंभरात साठ मिळाले की पास. या मुली तीन महिन्यांत जीव तोडून करतात, परीक्षेत तोंडी असते त्यात कार्डावर नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, काम, छंद असे शब्द असतात, त्यावर बोलायचं, नावाचं स्पेलिंग सांगायचं, फोन नंबर सांगायचा. पाठ असतं सगळं. सर्टिफिकेट हातात आलं की पुस्तक रद्दीत. सहा महिन्यांनी तिकडून मेसेज येतो, मॅडम, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट काय बोलते ते कळतच नाहीये, परत क्लास घेता का. तेव्हा जे शिकतात ना ते खरं शिकतात. काकू, तुमची गोगलगाय झाली तेवढं पुरे आहे, तुम्ही या दुसऱ्या गटातल्या आहात, फक्त आधीच येऊन बसलात.

आता वयाचं. पाठांतर कमी होतं हे मान्य, पण मराठी माणसाला जर्मनमध्ये काही गोष्टी आयत्या मिळतात ज्या इंग्लिशमधून शिकणाऱ्याला मिळत नाहीत. आकडेच घ्या. जर्मन लोक एकवीसला "आइन-उंड-त्स्वान्त्सिश" म्हणतात, म्हणजे एक-आणि-वीस. आपलंही एक-वीसच की. सत्तावन्न म्हणजे सात-आणि-पन्नास, सेम. अमेरिकन विद्यार्थी तिथे डोकं धरून बसतो, कारण त्याला वीस आधी पाहिजे असतो. २०१९ ला आपल्याकडे बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसला "वीस एक" असं वाचायची सोय केली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मी त्या वेळी वर्गात म्हटलं होतं, अरे भांडा खुशाल पण माझी जर्मनची सोय घालवू नका. (एकोणसाठला मात्र आपण एकटे. तिथे ते सरळ नऊ-आणि-पन्नास म्हणतात, हा एकोणीस-एकोणतीसचा घोळ आपलाच.)

तसंच लिंग. तीन आहेत म्हणून सगळे रडतात. आपल्याकडे नाहीत का तीन? तो चमचा, ती सुरी, ते ताट, आपल्याला कोणी नियम शिकवला होता? त्यांच्याकडे चमचा तो, काटा ती आणि सुरी ते. मुलगी मात्र "ते", यावर दर बॅचला कोणीतरी चिडतं, मी म्हणते आपण पोरगी म्हणतो तसं पोरगंही म्हणतोच ना, ते पोरगं. शांत होतात मग.

"या वयात जमतं का" हा प्रश्न काढून टाका. माझ्याकडे ७१ वर्षांचे एक आजोबा बी-वनपर्यंत, म्हणजे तिसऱ्या पायरीपर्यंत आले होते. त्यांचं कारण त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

निहोन्गो_नाशिक

वरच्या मॅडमचा प्रतिसाद वाचून राहवेना म्हणून लिहितोय. माझं कारण अगदी रोखठोक, कंपनीने सांगितलं जपानी शिकणाऱ्याला वेगळा भत्ता, आणि मला बाइकचे हप्ते होते. चाकणला एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होतो, क्लायंट जपानी. जपानीच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी एन-फाइव्ह, ती केली, मग एन-फोर केलं, एन-थ्रीला पहिल्यांदा आपटलो, दुसऱ्यांदा झालं. ही परीक्षा, जेएलपीटी, वर्षातून दोनदाच असते, जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार, त्यामुळे नापास झालात की सहा महिने लोकांना तोंड दाखवायला जागा नाही. आणि गंमत म्हणजे त्या परीक्षेत बोलायचं काहीच नसतं! नुसतं वाचा, ऐका, काळे गोल करा. एन-थ्री पास झालेला मी पहिल्या मीटिंगमध्ये पुतळा.

पण कावळेसाहेबांच्या कानातल्या इयरबडबद्दल बोलतो. आमचं एक कोटेशन होतं, तीन वेळा सुधारून पाठवलं. दर वेळी समोरचे काका म्हणायचे "मुझुकाशीइ देसु ने". ॲपमध्ये टाकलं तर भाषांतर येतं "अवघड आहे, नाही का". आमचे साहेब खूश, अवघड म्हणजे अशक्य नाही, अजून थोडा रेट कमी करा. चौथ्यांदा कमी केला. अरे बाबांनो, जपानी माणूस मान थोडी तिरकी करून, दातांतून हवा आत ओढून "चोत्तो..." म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून दिलं की विषय संपलेला असतो. चोत्तो म्हणजे जरासं. जरासं काय ते तुम्ही समजून घ्यायचं. आपल्याकडे वर्गणी मागायला आलेल्याला आपण "बघू" म्हणतो, त्याचं भाषांतर ॲप काय करेल? "आपण पाहूया". गेला तो पोरगा पावतीपुस्तक घेऊन पुढच्या आठवड्यात परत.

आणि काकू, जपानीत पण आपल्याला आयतं मिळतं बरं का. वाक्य आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी. "पुणे नि इकिमासु" म्हणजे पुण्याला जातो, तो "नि" म्हणजे आपला "ला". प्रश्न विचारायचा तर शेवटी "का" लावायचा. "इकिमासु का?" जाता का? अहो का म्हणजे का! आणि "ने" म्हणजे ना. "ईइ देसु ने", छान आहे ना. योगायोग आहे म्हणतात, असेल, पण पहिल्या दिवशी सेन्सेईंनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ही भाषा आपल्या मामाच्या गावची आहे. मग कांजी (त्यांची चिनी चित्राक्षरं) आली आणि मामाने हाकलून दिलं. रोजच्या वापराची म्हणून सरकारी यादी आहे त्यात २१३६ चित्रं आहेत. मला अजून हजारभर येत नाहीत.

ती कंपनी सोडून चार वर्षं झाली, बाइक पण विकली. आता जपानीचा पैशाला काही उपयोग नाही. तरी रोज रात्री पंधरा मिनिटं कांजी गिरवतो, बायको म्हणते व्यसन आहे. असेल.

इझार_काठची

कृष्णाकाठ काकू, मी म्युनिकला असते, दोन मुलं, सात आणि चार वर्षांची. तुमची गोगलगाय वाचून आधी हसले आणि मग माझ्या आईची आठवण येऊन गळ्यात आवंढा आला. पण मी जरा उलटं लिहिणार आहे, प्लीज गैरसमज करून घेऊ नका.

मुलं लबाड असतात. समोरच्याला कुठली भाषा येते याचा त्यांना दोन मिनिटांत वास लागतो आणि मग ती स्वतःला सोपी पडते ती भाषा बोलतात. माझ्या मोठ्याने बाबांशी मराठी तेव्हाच सोडलं जेव्हा बाबा त्याला जर्मनमध्ये रागवायला लागले. आता घरात त्याला मराठी बोलावंच लागतं अशी एकच व्यक्ती उरलीय, व्हिडिओ कॉलवरची आजी. आजीला जर्मन येत नाही हेच त्याचं मराठी टिकण्याचं कारण आहे! मागच्या दिवाळीला आईने कौतुकाने त्याला "गुटेन मोर्गेन" म्हटलं तर त्याने पुढची दहा मिनिटं जर्मनची टकळी लावली आणि आई नुसती मान हलवत बसली.

आमच्या किटातल्या बाईंनीसुद्धा पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं (सुरुवातीला सवय लागेपर्यंत आईबापाने तिथे बसायचं असतं, तेव्हा) की घरी तुम्ही तुमचीच भाषा बोला, जर्मन आम्ही बघतो. मला तेव्हा बरं वाटलं होतं. पण ते वाटतं तेवढं सोपं नाही. आमच्याकडे काय भाषा चालते ते ऐका: "आई, मला मालायचंय." मालेन म्हणजे चित्र काढणं, त्याला आपला -यचंय चिकटवून मोकळा. "तो मला श्टोरतोय" म्हणजे त्रास देतोय. व्याकरण शंभर टक्के मराठी, हसू की रडू.

म्हणून माझी विनंती, शिका, जरूर शिका, पण तिला कळू देऊ नका. ती श्नेकं म्हणाली की तुम्ही समजून घ्या आणि म्हणा, "अगंबाई, केवढी मोठी गोगलगाय!" ऐकायचं जर्मन, बोलायचं मराठी. तुमच्या जाऊबाई म्हणतात ते चूक नाहीये, पण तिला मराठी शिकवायचं तर ती काय म्हणतेय ते आधी कळायला तर हवं. माझ्या आईला ते कळत नाही म्हणून ती दर वाक्याला मला हाक मारते आणि मग आजी-नातवाच्या गप्पांत मी दुभाषी. तिसऱ्या मिनिटाला दोघंही कंटाळतात.

पेठेतला_कावळा

+१ वरील प्रतिसादाला. आणि "बघू" वाला मुद्दा मान्य. गणपतीची वर्गणी मागायला मीच असायचो, त्या वेदना मला ठाऊक आहेत.

दफ्तरदार

धागा छान चाललाय, मी जरा आडवाटेने येतो.

आमच्या घरी पाटीलकीच्या वतनाची काही मोडी कागदं होती, माळ्यावर, गाठोड्यात. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. म्हटलं निदान वाचता तरी यावीत म्हणून दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला. अक्षर लागायला लागलं आणि पहिल्याच कागदावर अडलो. तारखेच्या जागी लिहिलंय "सन इहिदे अशर मया व अलफ". अक्षर न् अक्षर वाचता येतंय आणि अर्थ शून्य. मग कळलं की हे अरबी आकडे. इहिदे एक, अशर दहा, मया शंभर, अलफ हजार. ११११. हा शुहूर सन, सूर्य मृगात गेला की बदलतो म्हणून त्याला मृगसाल पण म्हणतात. त्यात ५९९ मिळवायचे (जानेवारीनंतरचा कागद असेल तर ६००), म्हणजे १७१० किंवा १७११. आणि डेर_डी_डास मॅडम, तुमचा एक-आणि-वीस इथे पण आहे बरं का: पंचवीस असेल तर "खमस अशरीन", पाच वीस. मी तर उडालोच होतो.

तिथून मग फारसीचं खूळ लागलं. रिटायरमेंटला तेव्हा सहा वर्षं होती. भारत इतिहास संशोधक मंडळात (१९१० पासून आहे, वि. का. राजवाडे मंडळींनी काढलेलं) जाणं-येणं सुरू झालं, एका मौलवींकडे आठवड्यातून दोनदा जायला लागलो. एक दिवस त्यांनी "नवीस" म्हणजे लिहिणारा हे सांगितलं आणि मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत मोजत होतो: फडणवीस, चिटणीस, वाकनीस, पोतनीस... आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची आडनावं फारसी निघाली की! पन्नास वर्षं मी ती हजेरीत ऐकत होतो.

लोक विचारतात फारसी कशाला, इराणला जाणार का. नाही हो, माळ्यावर जाणार. धर्मानंद कोसंबी पालीसाठी गोव्यातून घरदार सोडून पार सिलोनपर्यंत गेले, पंडिता रमाबाई बायबल मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, त्यांच्यापुढे आपण म्हणजे काहीच नाही, मी निदान बसने जातो. कागदात शेवटी काय निघालं ते विचारू नका. बांधावरून भांडण. तीनशे वर्षांपूर्वीचं, आणि तो बांध अजून तिथेच आहे, भांडण पण.

रात्रपाळी

सगळ्यांची कारणं वाचली, छान वाटलं, पण एक साधं कारण कोणी लिहीना म्हणून मी लिहिते. पगार.

मी मंगळवेढ्याजवळच्या एका गावातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, सोलापूरला चार वर्षं नोकरी केली, जेवढा पगार तेवढा रूमभाड्याला आणि घरी पाठवायला पुरायचा नाही. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता पाहिजे तर बी-टू, म्हणजे चौथी पायरी लागते. पहिला एजंट भेटला त्याने चार महिन्यांत बी-टू करून देतो म्हणून पैसे घेतले आणि चार महिन्यांनी फोन बंद. मग पुण्यात रूम करून दुसरीकडून पहिल्यापासून शिकले, चौदा महिने लागले, दिवसा क्लास आणि रात्री ड्युटी. त्या काळात कोणी मला विचारलं असतं ना की भाषेची गोडी कशी लागली तर मी मारलं असतं त्याला. गोडी बिडी काही नाही, वडिलांनी दीड एकर गहाण टाकलं होतं.

आता तीन वर्षं झाली इथे, हायलब्रॉनजवळ, श्टुटगार्टपासून लांब नाही. बी-टू घेऊन वॉर्डात आले आणि पहिल्या दिवशी एक आजोबा काय बोलले त्यातला एक शब्द कळेल तर शपथ. ते श्वेबिश बोलतात इकडे. पुण्यात शिकून एकदम मालवणात उतरल्यासारखं. प्रत्येक शब्दाला शेवटी "ले" लावतात, घर म्हणजे हाउस तर हे म्हणणार हॉयस्ले. आपण नाही का सोनुलं, छकुलं म्हणतो, तसंच लाडाचं. काकू, तुमच्या नातीच्या किटात तिला कोणी "श्नेकले" म्हणालं तर घाबरू नका, गोगलगाय म्हणत नाहीयेत, लाडाने म्हणतात तसं.

एक गोष्ट मात्र सांगते, ती मला कुठल्या क्लासने शिकवली नाही. पहिल्या हिवाळ्यात मी सहकारी नर्सला म्हटलं "इश बिन काल्ट", म्हणजे मी गार आहे. तिने असं बघितलं माझ्याकडे. त्याचा अर्थ होतो मी थंड काळजाची बाई आहे. म्हणायला पाहिजे "मिअर इस्ट काल्ट". मला थंडी. मी इंग्लिशमधून विचार करत होते, आणि मराठीतून केला असता तर बरोबर आलं असतं! मला थंडी वाजते, मला भीती वाटते, मला मळमळतं, आपण कुठे "मी मळमळ आहे" म्हणतो. त्या रात्री एका आजीबाईंनी बेल दाबली आणि म्हणाल्या "मिअर इस्ट श्लेश्ट", मला मळमळतंय, आणि मी भांडं घेऊन वेळेत पोचले. त्यांनी माझा हात धरून ठेवला बराच वेळ. तेव्हापासून जर्मन मला जरा माझी वाटायला लागली, पण हे सगळं गहाण सुटल्यानंतरचं बोलणं आहे, आधीचं नाही.

काकू, श्टुटगार्टला आलात की व्यनि (खासगी निरोप) करा. भाकरी करून घालते, ज्वारीचं पीठ आईने दिलंय.

कृष्णाकाठ

बाप रे, एवढे प्रतिसाद! चार दिवस पाहुणे होते म्हणून उशीर झाला, सगळे दोनदोनदा वाचले. आमच्या ह्यांना पण मोठ्याने वाचून दाखवले. दफ्तरदारांचा बांध ऐकून ते जे हसायला लागले, कारण आमच्याकडेही तेच आहे, तासगावला.

रात्रपाळी बाळा, भाकरी मी करेन, तू झोप काढ. नक्की येणार आहे, जूनमध्ये.

डेर_डी_डास मॅडम, सत्तावन्न म्हणजे सात-आणि-पन्नास हे वाचलं आणि तिथेच मला माझं वय सांगता आलं, इतके दिवस अडखळत होते. आता एक राहिलंय, तो उ वर दोन टिंबं असलेला उच्चार. तुमच्यासारख्याच आमच्या मॅडम म्हणतात की तोंड "उ"चं करायचं आणि आतून "ई" म्हणायचं. मी आरशासमोर करत होते तर हे दारात येऊन म्हणाले, शिट्टी वाजवतेस की काय, कुकर झाला का.

इझारकाठच्या ताई, तुमचं पटलं, आणि जरा भीतीपण वाटली. तुमचं ऐकून या रविवारच्या कॉलवर मी एक अक्षर जर्मन काढलं नाही. नात कागद दाखवत होती, काहीतरी गोलगोल काढलं होतं, खाली शेपटी. "वास इस्ट दास, आजी?" हे काय आहे? मला प्रश्न कळला! पहिल्यांदा, लेकीला न विचारता. मी म्हटलं, गोगलगाय. तर म्हणते "नाऽऽइन," आणि मग बराच विचार करून, "आजी, जिलबी." लेक म्हणाली परवा इथल्या मंडळात खाल्ली होती.

आणि मंगळवारी क्लासमध्ये मॅडमनी परत तोच प्रश्न टाकला, वारुम लेर्नेन झी डॉइच, आता या वेळी पूर्ण वाक्यात उत्तर द्या म्हणाल्या. मी रात्रीच लिहून ठेवलं होतं. म्हटलं, "फ्यूर माइन एन्केलिन." माझ्या नातीसाठी. वाटलं आता सगळे काहीतरी म्हणतील. मॅडम म्हणाल्या, माइन नाही, माइने, नात स्त्रीलिंगी आहे. तीन वेळा म्हणून घेतलं आणि पुढच्याकडे वळल्या.